बिम्बोची दीक्षा

मित्रहो, दिवे लागले तरी तुमच्यातले बरेचजण अजून हसताहेत, हे आम्हांला इथून दिसतंय. ते ठीकच आहे. हा चित्रपट हसवण्यासाठीच केलेला आहे, आणि ज्याला त्यात हसू आलं नाही त्याने त्याच्यावर व्याख्यान देऊ नये, असं आमचं मत आहे. आम्हांला अजून हसू येतं, म्हणून बोलायला उभे आहोत.

आधी जन्मपत्रिका मांडू. चित्रपटाचं नाव 'बिम्बोज इनिशिएशन', म्हणजे बिम्बोची दीक्षा. प्रदर्शित झाला जुलै १९३१ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या फ्लायशर स्टुडिओत तो तयार झाला आणि पॅरामाउंटने वितरित केला. 'टॉकार्टून्स' नावाची एक मालिका होती, तिच्यातला हा एक. निर्माता मॅक्स फ्लायशर, दिग्दर्शक म्हणून नाव धाकट्या भावाचं, डेव्हचं. आणि चित्रांत जीव घालणारा मुख्य हात ग्रिम नॅटविक यांचा. नॅटविक म्हणजे व्हिएन्नात जाऊन रीतसर चित्रकला शिकून आलेला माणूस. बेटी बूप ही बाई पहिल्यांदा कागदावर उतरवली ती त्याने, आणि पुढे डिस्नेकडे जाऊन 'स्नो व्हाइट'मधली राजकन्या चालती-बोलती केली तीही प्रामुख्याने त्यानेच. शंभर वर्षं जगला. फ्लायशरांकडे राहून बेटीवर त्याने केलेलं हे शेवटचं काम. यानंतर तो अब आयवर्क्सच्या स्टुडिओत गेला.

कार्टूनच्या सुवर्णयुगाबद्दल, म्हणजे बोलपट आल्यापासून पुढच्या पंचवीस-तीस वर्षांबद्दल, आपल्याकडे कोणी बोलायला लागलं की गाडी डिस्नेवरून सुटते ती थेट टॉम आणि जेरीवर थांबते. मधली स्टेशनं लागतच नाहीत. बेटी बूप निदान किल्ल्यांच्या जुडग्यावर आणि मुलींच्या टी-शर्टावर भेटते. बिम्बो मात्र कुठेच भेटत नाही. जाणकारांना हा चित्रपट अगदीच माहीत नाही असं नाही. १९९४ साली जेरी बेक यांनी अ‍ॅनिमेशन क्षेत्रातल्या लोकांची मतं घेऊन पन्नास श्रेष्ठ कार्टूनांचं एक पुस्तक केलं, त्यात याचा क्रमांक ३७वा आहे. पण यादीत नाव असणं निराळं आणि कोणी बसून पाहणं निराळं. आणि ज्यांनी पाहिला तेसुद्धा याला 'अजब', 'स्वप्नासारखा', 'अतिवास्तववादी' अशी दोन-तीन विशेषणं लावून मोकळे होतात. आमची तक्रार आहे ती या विशेषणांबद्दल. 'अजब' म्हटलं की विचार करण्याची जबाबदारी संपते.

जे उशिरा आले त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. बिम्बो हा कुत्रा, काळ्या अंगाचा, पांढऱ्या तोंडाचा. रस्त्याने आपल्याच तंद्रीत चाललेला आहे. मॅनहोल उघडं आहे. पावसाळ्यातली मुंबई ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. बिम्बो आत पडतो. लगेच एक उंदीर येतो, मिकी माउसचा सख्खा भाऊ शोभेल असा. झाकण लावतो आणि वर कुलूप घालतो. संपलं. खाली तळघरात एक गुप्त मंडळ आहे. सोंगं घेतलेली, डोक्यावर जळती मेणबत्ती असलेली ही मंडळी तालात विचारतात, मेंबर व्हायचंय? मेंबर व्हायचंय? बिम्बो म्हणतो, नाही. की झाली त्याची रवानगी पुढच्या संकटात. तिथून कसाबसा निसटला की पुन्हा तीच मंडळी, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा 'नाही'. मध्येच एका दारात बेटी दिसते, त्याला खुणावते, तो मागे जातो, ती नाहीशी होते, आणि संकटं आणखी वाढतात. शेवटी मंडळाचा प्रमुख पुन्हा विचारतो, बिम्बो पुन्हा 'नाही' म्हणतो, आणि प्रमुख सोंग उतरवतो. आत बेटी. आता बिम्बोचा होकार येतो. मग बाकीचे सगळे सोंगं उतरवतात, तर प्रत्येकाच्या आत एक-एक बेटी. सगळे मिळून नाचतात. समाप्त.

आता पहिला मुद्दा. हे सगळं स्वप्न आहे, फ्रॉइड आहे, नेणिवेचं तळघर आहे, असं बऱ्याच ठिकाणी म्हटलं जातं. मॅनहोलमधून खाली जाणं म्हणजे मनाच्या तळाशी जाणं, वगैरे. म्हणता येईल, काहीही म्हणता येतं. पण १९३१ च्या अमेरिकन प्रेक्षकाला यात एक अगदी ओळखीची गोष्ट दिसत होती, ती आपल्याला दिसत नाही, म्हणून आपल्याला ते स्वप्न वाटतं. ती गोष्ट म्हणजे लॉज.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत पुरुषांच्या बंधुमंडळांचं अमाप पीक आलं होतं. फ्रीमेसन तर जुनेच. आपल्या मुंबईतही फोर्टात त्यांचा हॉल आहे, तुमच्यातल्या काहींनी बाहेरून पाहिला असेल. त्यांच्याखेरीज ऑड फेलोज, एल्क्स, मॉडर्न वुडमेन अशी कितीतरी मंडळं होती. गावातला वाणी, डॉक्टर, रेल्वेतला कारकून, सगळे कुठल्या ना कुठल्या लॉजचे मेंबर. आत गेल्यावर गुप्त खुणा, परवलीचे शब्द, झगे, मेणबत्त्या. आणि नव्या मेंबरला आत घेताना विधी. हे विधी सुरुवातीला गंभीर असत. पुढे त्यांत थट्टा शिरली, आणि ती इतकी शिरली की तिचा धंदा झाला. इलिनॉयमधल्या ग्रीनव्हिल या गावात डिमूलन नावाच्या भावांनी १८९२ साली एक कारखानाच काढला. त्यांचे कॅटलॉग आज पाहायला मिळतात. नव्या मेंबरला बसवून उधळवण्यासाठी चाकांवरचा बोकड. बसल्याबरोबर मोडणारी खुर्ची. बुडावर फळी हाणणारं यंत्र. पैसे पाठवा, माल घरपोच.

आता बिम्बो ज्या सायकलवर बसतो ती आठवा. पायडल मारायचं आणि त्याच पायडलने चालणारे फटके आपल्याच बुडावर खायचे. कोणाला यात आत्मपीडेचं प्रतीक दिसतं. आम्हांला कॅटलॉग दिसतो. फ्लायशर बंधूंनी आणि नॅटविकने जे बाजारात विकायला होतं तेच घेतलं आणि दोन पावलं पुढे नेलं. तिकडची फळी खोटी होती, इथे पाती खरी आहेत. फरक एवढाच. थट्टेला कोणी 'आता पुरे' म्हणणारा नसला तर ती कुठवर जाईल, याचा हा हिशेब आहे, आणि हिशेब चोख आहे म्हणून चित्रपट भीतिदायक होतो.

यात आणखी एक गोष्ट मिसळा. या लॉजेस केवळ गंमत म्हणून नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच मंडळांत मेंबर झालं की आजारपणात मदत मिळे, मागे राहिलेल्या बायकोला चार पैसे मिळत. सरकारकडून असं काही मिळण्याच्या आधीचा तो काळ आहे. म्हणजे 'मेंबर व्हायचंय का?' या प्रश्नाला नाही म्हणणं हे साधं नव्हतं. आत असणं म्हणजे सुरक्षित असणं होतं. आणि १९३१ साली, महामंदी ऐन भरात असताना, लोकांना वर्गणी परवडेनाशी झाली होती आणि लॉजेसना मेंबर टिकवणं जड जात होतं. गल्लीत फिरणाऱ्या माणसाला मॅनहोलमधून खाली ओढून 'मेंबर व्हा' म्हणणाऱ्या मंडळाचा विनोद त्या वर्षीच्या थेटरात कसा पोचला असेल, याची कल्पना करा.

आता शब्दाकडे येऊ. आम्ही 'इनिशिएशन'ला दीक्षा म्हटलं, कारण दुसरा शब्द नाही. पण दीक्षा आपल्याकडे मागावी लागते. शिष्य गुरूच्या दारात बसतो, गुरू त्याला चार वेळा हाकलतो, परीक्षा पाहतो, मग अनुग्रह करतो. इथे उलट आहे. गुरू मागे लागलाय आणि शिष्य पळतोय. मुंजीत बटूला कोणी विचारत नाही, हे खरं. आठ वर्षांच्या पोराला काय विचारणार. पण निदान तिथे विचारल्याचं नाटकही कोणी करत नाही. या चित्रपटातली मंडळी विचारतात. दर वेळी विचारतात. अगदी शिस्तीत, तालात, जणू वहीत नोंद करायची आहे. आमच्या मते चित्रपटाचा सगळा काळेपणा या विचारण्यात आहे. पात्यांत नाही.

प्रश्न कशाला म्हणायचं, याचा विचार करा. 'चहा घेणार का?' हा प्रश्न आहे, कारण नाही म्हटलं तर चहा येत नाही. 'नाही' हे उत्तर म्हणून स्वीकारण्याची तयारी असेल तरच तो प्रश्न. नाहीतर ते प्रश्नचिन्ह लावलेलं आज्ञार्थी वाक्य. बिम्बोला जे विचारलं जातं ते दुसऱ्या जातीचं आहे. पण व्याकरणाने ते प्रश्नच राहतं, आणि म्हणून शेवटी होकार आला की विचारणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. आम्ही विचारलं होतं, तो हो म्हणाला.

हे वाक्य आम्ही प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका वसतिगृहाचे रेक्टर म्हणून आमच्याकडे काम होतं. कुठलं ते महत्त्वाचं नाही. तिथे नव्या मुलांना रात्री गच्चीवर नेण्याची प्रथा होती. एका मुलाने घरी पत्र लिहिलं, वडील आले, चौकशी झाली. मोठी मुलं आमच्यासमोर उभी. वाईट घरची नव्हती. त्यांतला एकजण अगदी मनापासून म्हणाला, सर, आम्ही त्याला विचारलं होतं, तो हो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. विचारलं होतंच. १९९९ साली महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आला तेव्हा आम्हांला पहिल्यांदा तो मुलगा आठवला, आणि दुसऱ्यांदा हा चित्रपट पाहताना.

असो. बिम्बोच्या 'नाही'कडे पाहू. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हांला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. बिम्बो एकदाही कारण देत नाही. तो 'मी अमुक तत्त्वाचा माणूस आहे' म्हणत नाही. हे मंडळ कसलं आहे हेही त्याला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. मंडळाचं उद्दिष्ट काय, मेंबर झाल्यावर काय करायचं, याबद्दल चित्रपट एक शब्द बोलत नाही. बिम्बोला नको आहे म्हणून नको आहे. आणि तो वीरपुरुषही नाही. लढत नाही, भाषण करत नाही. घाबरतो आणि पळतो. तरी 'नाही' सोडत नाही. नायकाच्या नकाराला आपण टाळ्या देतो, कारण त्याच्यामागे काहीतरी थोर असतं. ज्याच्यामागे काहीही थोर नाही अशा साध्या नकाराला एवढा मान दिलेला दुसरा विनोदी चित्रपट चटकन आठवत नाही.

याच स्टुडिओचा आदल्या वर्षीचा, १९३० चा, 'स्विंग यू सिनर्स!' पाहा. त्यातही बिम्बोच आहे, त्यातही भुतं आणि पाठलाग आहे, आणि चित्रकला म्हणाल तर काही ठिकाणी याच्याहून वरचढ आहे. पण तिथे बिम्बो कोंबडी चोरायला निघालेला असतो. पाप आहे, म्हणून शासन आहे. प्रेक्षक घाबरला तरी त्याचा जगाच्या व्यवस्थेवरचा विश्वास कायम राहतो. इथे बिम्बोने काहीही केलेलं नाही. रस्त्याने चालला होता. काही अभ्यासक इथे काफ्काचं नाव घेतात. घ्या, पण काफ्काची 'द ट्रायल' इंग्रजीत आली १९३७ साली. ब्रॉडवेवरच्या त्या स्टुडिओतल्या मंडळींना हे सुचायला काफ्काची गरज पडली नाही.

आता जरा चित्रांकडे, नाहीतर तुम्ही म्हणाल की याला गोष्ट तेवढी दिसते. प्रोजेक्टरवाल्या मित्राला विनंती, ती सावलीची जागा पुन्हा लावा.

हं. थांबवा इथे.

बिम्बो पळतो आहे, भिंतीवर सावली पळते आहे. पातं येतं आणि सावलीचं मुंडकं उडवतं. बिम्बो शाबूत. पण एक क्षण आपल्या सगळ्यांचा श्वास अडकला, मघाशी सभागृहात तो ऐकू आला. का अडकला? विनोद तर साधा आहे. कारण असं की बिम्बो काळ्या शाईचा आहे आणि सावलीही काळ्या शाईची आहे. ज्या दौतीतून बिम्बो आला त्याच दौतीतून सावली आली. कागदावर या दोघांत द्रव्याचा काहीच फरक नाही. डोळ्याला क्षणभर ठरवता येत नाही की मेला तो कोण. हीच जागा रंगीत करून पाहा, मनातल्या मनात. बिम्बो तपकिरी, भिंत हिरवट, सावली करडी. लगेच कळेल की सावली ही फक्त सावली आहे, आणि विनोद जागच्या जागी मरेल.

लोक म्हणतात, त्या काळी रंग नव्हता म्हणून बिचाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्यात केलं. तंत्राच्या इतिहासात हे ठीक आहे. डिस्नेचा 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' हा तिन्ही रंगांच्या टेक्निकलरमधला पहिला कार्टूनपट जुलै १९३२ मध्ये आला, म्हणजे याच्यानंतर बरोबर एक वर्षाने, आणि पुढची काही वर्षं ते तंत्र कार्टूनसाठी डिस्नेकडेच अडकलेलं होतं. बेटी बूपला थेटरात रंग मिळाला तो फक्त एकदा, १९३४ च्या 'पुअर सिंड्रेला'मध्ये, आणि तोही दुय्यम तंत्राचा. तेव्हा तिचे केस लाल निघाले. तो चित्रपट सुंदर आहे, देखणा आहे. पण त्यात भीती नाही. चाळिसेक वर्षांनी टीव्हीवाल्यांनी बेटीचे जुने चित्रपट हाताने पुन्हा गिरवून रंगीत करवले, कारण काळं-पांढरं कोणी पाहत नाही म्हणे. जुन्या फोटोतल्या आजीला लिपस्टिक लावावी तसा प्रकार. ज्यांनी मूळ काम केलं त्यांना काळा रंग म्हणजे रंगाचा अभाव वाटत नव्हता. तळघराच्या भिंती पाहा, पाणी घालून पातळ केलेल्या करड्या छटांच्या, ओल आल्यासारख्या. त्यांच्यावर पात्रं मात्र ठाम काळी आणि ठाम पांढरी. भिंत खोल जाते, पात्र पृष्ठभागावर राहतं, आणि त्यामुळे बिम्बो त्या जागेचा नाही हे न सांगता कळतं.

दारांचा प्रसंगही तसाच. दार उघडावं तर आत दार, त्याच्या आत आणखी दार. पुराणातल्या गोष्टींत सात दरवाजे ओलांडले की पोपट तरी मिळतो. इथे दार ओलांडणं हेच मुळी संकट आहे. आणि हे सगळं संगीताच्या ठेक्यावर. फ्लायशरांकडे तेव्हा चित्रं आधी काढत आणि आवाज नंतर भरत. त्यामुळे ओठांचा आणि शब्दांचा मेळ सैल असतो, पण पावलांचा आणि ठेक्याचा घट्ट असतो. बिम्बो जिवाच्या आकांताने पळतोय आणि तरी तालात पळतोय. मंडळी छळतात तीही तालात. आपल्याकडे कीर्तनात टाळकऱ्यांनी धरलेला ठेका बुवांना सोडता येत नाही, तसं काहीसं. बिम्बो तोंडाने नाही म्हणतो आणि पायाने कधीच सामील झालेला असतो. आम्हांला ही गोष्ट चौथ्या-पाचव्यांदा पाहताना लक्षात आली.

सगळंच उत्तम आहे असं आम्ही म्हणणार नाही. फटक्यांचे विनोद एकाऐवजी तीन आहेत आणि तिसऱ्याला हसू येत नाही. मधल्या भागात संकटांना क्रम नाही; दोन इकडची तिकडे केली तरी चालतील. सहा मिनिटांच्या चित्रपटाला हे परवडतं, सोळा मिनिटांच्या चित्रपटाला परवडलं नसतं.

आता शेवट. शेवटाबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक, की शेवट हा चित्रपटाचा कमकुवत भाग आहे. एवढी भीती उभी केली आणि शेवटी काय, तर बाई नाचली. दुसरं, की शेवट आनंदाचा आहे. भीतीचं सोंग गळून पडलं, आत सौंदर्य निघालं, बिम्बोने ते स्वीकारलं. एका विद्यार्थिनीने आम्हांला तिसरा आक्षेप सांगितला होता, तो जास्त वजनाचा आहे. ती म्हणाली, इथे बाई म्हणजे आमिष. पुरुषांच्या क्लबात पुरुषाला ओढायला बाई वापरली. आम्ही तिला म्हटलं, नीट पाहा, क्लब कोणाचा आहे? सोंगाच्या आत प्रमुख ती आहे. छळणारी ती, विचारणारी ती, आणि दारात उभी राहून खुणावणारीही तीच. पुरुषांच्या लॉजचं सोंग घेऊन आत सगळ्या बायका बसल्या आहेत. १९३१ साली बायकांना आत न घेणाऱ्या मंडळांची याहून मोठी चेष्टा कोणती असणार? त्या मुलीला ते पटलं नाही. ती म्हणाली, छळणारी बाई असली म्हणून छळ कमी होतो का? हा प्रतिप्रश्न बरोबर आहे, आणि आमच्या पुढच्या बोलण्याला तिथूनच वाट मिळते.

जॉन लॉकने एक उदाहरण दिलेलं आहे, मनुष्याच्या आकलनावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात, १६९० च्या सुमारास. एक मनुष्य गाढ झोपेत असताना त्याला उचलून एका खोलीत नेलं जातं. त्या खोलीत अशी एक व्यक्ती आहे जिला भेटायची त्याला फार दिवसांची ओढ आहे. बाहेरून दाराला कुलूप घातलं जातं. मनुष्य जागा होतो, त्या व्यक्तीला पाहतो, खूश होतो आणि गप्पा मारत तिथेच बसतो. निघून जावं असं त्याच्या मनातही येत नाही. लॉक विचारतो, तो तिथे स्वेच्छेने थांबला आहे ना? आहेच. त्यात शंका नाही. पण तो मोकळा आहे का? नाही, कारण त्याला जायचं असतं तरी जाता आलं नसतं. इच्छेने करणं आणि मोकळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं लॉकचं म्हणणं. पुढे शंभर पंडितांनी त्यावर शंभर आक्षेप घेतले. वर्गात आम्ही एक-एक सत्र त्यात घालवायचो आणि मागच्या बाकावरची मुलं शांतपणे झोपायची. मोकळी होती की नाही कोण जाणे, पण झोपत मात्र स्वेच्छेने.

तर हा लॉकचा मनुष्य आणि आपला बिम्बो. नकळत आत गेलेला. आत हवीहवीशी व्यक्ती. आणि बाहेरून कुलूप. फ्लायशरांनी लॉक वाचला होता असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण चित्रपटात कुलूप आहे. आणि ते कोणी घातलं? मंडळाच्या मेंबराने घातल्याचं आपल्याला दिसत नाही. एका उंदराने घातलं, येता-जाता, ज्याचा पुढे कशाशीच संबंध नाही. मिकीसारखा दिसतो म्हणून प्रेक्षक हसतो, डिस्नेला मारलेला टोमणा म्हणून अभ्यासक त्याची नोंद करतात, आणि दोघेही कुलूप विसरतात. पुढे सहा मिनिटं चित्रपट चालतो, ते कुलूप कोणी उघडत नाही. बिम्बो ज्या क्षणी आनंदाने 'हो' म्हणतो त्या क्षणीही ते वर तसंच लटकलेलं असतं.

आमच्या मते बिम्बोचा होकार खरा आहे. तो थकून हो म्हणत नाही, हे लक्षात घ्या. थकून म्हणायचं असतं तर आधीच्या कुठल्याही संकटात म्हणाला असता. सोंगाआडच्या प्रमुखाला त्याने शेवटच्या क्षणापर्यंत नाहीच म्हटलं आहे. तोंड झाकून विचारणाऱ्याला नकार आणि तोंड दाखवणाऱ्याला होकार, असा त्याचा व्यवहार स्वच्छ आहे. म्हणून ज्यांना शेवट आनंदाचा वाटतो ते चुकीचं पाहत नाहीत. ते अर्धं पाहतात. होकार खरा आहे आणि झाकण बंद आहे. दोन्ही एकाच वेळी. आणि ज्यांना शेवट कमकुवत वाटतो त्यांना आमचं सांगणं असं की इथे भीती संपलेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे. आतापर्यंत ती बिम्बोला वाटत होती. आता त्याला वाटत नाही.

आणि त्या शेकड्याने निघालेल्या बेटी. शेकड्याने म्हणजे बोलण्याच्या भरात. मोजल्या तर तेवढ्या नाहीत. एक बेटी निघाली तोवर ती व्यक्ती होती, जिच्यासाठी बिम्बो दार ओलांडून गेला. पण एका ओळीत सगळ्या बेटीच निघाल्या की ती कोण उरते? जिला पाहून हो म्हटलं तिच्यासारख्या हुबेहूब पुष्कळ. मंडळाला उद्दिष्ट नव्हतं, आता मेंबरांना चेहराही नाही. म्हणजे आहे, पण एकच आहे. बिम्बो मात्र खुशीत नाचतोय. आणि आपण, मघाशी इथे बसलेले सगळे, त्या ठेक्यावर पाय हलवत होतो. आम्ही वरून पाहत होतो. पहिल्या रांगेतल्या एक आजी तर टाळ्याही देत होत्या. (हशा)

इतिहासाने या शेवटाला एक पुस्ती जोडली आहे. मालिकेचा नायक बिम्बो होता, बेटी त्याची सोबतीण. या चित्रपटातही तिला कुत्र्याचे लोंबते कान आहेत, ते तुम्ही पाहिले असतील. जानेवारी १९३२ च्या 'एनी रॅग्ज'मध्ये त्या कानांच्या जागी कानातले डूल आले आणि ती पुरती माणूस झाली. त्याच वर्षी मालिका तिच्या नावाने सुरू झाली. बिम्बो तिच्या मागे-मागे फिरणारा दुय्यम पात्र झाला, आणि १९३३ नंतर पडद्यावरून जवळपास नाहीसाच झाला. पुढे १९३४ मध्ये सेन्सॉरचे नियम कडक झाले, बेटीचा झगा लांब झाला, आणि असं तळघर पुन्हा काढायला कोणी धजावलं नाही. फ्लायशर स्टुडिओने पुढेही चांगलं काम केलं, पॉपाय केला, सुपरमॅन केला. पण त्यांत नायक कोण आणि खलनायक कोण हे पहिल्या मिनिटाला कळतं.

आपल्याकडे अजून वीस मिनिटं आहेत. प्रश्न नंतर घेऊ, आधी चित्रपट पुन्हा एकदा लावायला सांगितलेलं आहे. या वेळी सुरुवातीला बिम्बोकडे पाहू नका, उंदराकडे पाहा. दिवे घालवा.